कॉलनीच्या बायका घालतात तसं

तारापूर-बोईसर गाडीवर मी कंडक्टर होतो, तेव्हा कोण बाई कुठं उतरणार हे मला तिकीट फाडायच्या आधी कळायचं. मागच्या बाकांवर मासळीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या आमच्या मांगेलणी, गुडघ्यापर्यंत घट्ट काष्टा मारलेल्या, अंबाड्यात अबोलीची वेणी. त्या बाजारात नाहीतर नोकरदारांच्या कॉलनीत उतरणार. मधल्या बाकांवर गोल साडीवाल्या, पदर खांद्यावर पिनेनं टाचलेला. त्या शाळा, दवाखाना, बँक. डोंगराकडच्या पोरी पूर्वी आखूड लुगड्यात यायच्या, पण कारखान्यांत कामाला लागल्यापासून त्याही नायलॉनच्या साडीत दिसायला लागल्या होत्या. माझी बायको काशीबाई म्हणायची, तुमचं लक्ष तिकिटांवर असतं की आणखी कुठं. तिला काय सांगणार, बघणं हा त्या नोकरीचा भागच होता.

आणि एवढं बघणारा मी, दामूच्या साखरपुड्याला त्याच्या आईशेजारी टेम्पोत बसून गेलो आणि मला काहीएक कळलं नाही.

दामू हा माझ्या चुलतभावाचा, रामूचा मुलगा. पालघरला आयटीआय करून बोईसरच्या एका कारखान्यात लागला, तिथंच खोली घेऊन राहू लागला, आणि वर्षभरात गावाकडं पाहुण्यासारखा यायला लागला. वाईट पोरगा नव्हता. पण नव्यानं पँटीला इस्त्री करायला शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या सुरकुत्या फार दिसतात. घरी आला की आधी अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांपासून लांब उभा राहायचा, कपड्यांना वास लागतो म्हणून. त्याच बोंबलांवर त्याची फी भरली होती हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

त्याची आई जमना. नात्यानं माझी वहिनी, आणि रोज सकाळची माझी उतारू. पाटी बाकाखाली सरकवून ती बसली की गाडीत दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू यायचा नाही. कॉलनीतल्या इमारतींत ती दारोदार मासळी विकायची. कोणाच्या घरी नुसतं पापलेट चालतं, कोणाला करंदी सोलून द्यावी लागते, कुठली बाई वास घेऊन बघते आणि कुठली नुसतीच नाक मुरडते, सगळं तिला तोंडपाठ असायचं.

दामूचं लग्नही तिनंच जुळवलं, तेही पाटीपाशी बसल्या बसल्या. कॉलनीत दादू तामोरे म्हणून आमच्याच जातीचा माणूस होता, मूळ डहाणूकडचा. नोकरी लागली तसा क्वार्टरमध्ये राहायला आला आणि पुरता कॉलनीचा झाला. त्याची बायको मंजुळा. तिनं काष्टा कधी सोडला ते कुणाला आठवत नाही, पण आता ती मांगेलीण आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. जमना तिच्या दारात वर्षानुवर्षं मासळी टाकत होती. एकदा मंजुळाची मुलगी नर्मदा ताट घेऊन आली, तिनं बोंबील हातात धरून ताजे आहेत की नाहीत ते बरोबर सांगितलं, आणि जमनाच्या मनात ती भरली. तिथंच, उंबऱ्याबाहेर बसून, तिनं मंजुळाला विचारलं. मुलगा आयटीआय झालेला, बोईसरलाच नोकरीला, जात एक. मंजुळानं नवऱ्याला विचारून होकार दिला. त्या दिवशी परतीच्या गाडीत जमनानं कुणालाही बोलू दिलं नाही.

साखरपुडा दिवाळीनंतर ठरला, मुलीच्या घरी, क्वार्टरपुढं मांडव घालून. दामूला तेव्हापासून घोर लागला. घोर कसला, तर आम्ही कसे दिसू याचा. बापाला घेऊन शिंप्याकडं गेला आणि त्याला आयुष्यातली पहिली पँट शिवली. मला म्हणाला, तात्याकाका, एसटीचा शर्ट नको. सगळ्यांचं झाल्यावर आईकडं वळला. मी तिथं अंगणातच होतो, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तो म्हणाला, "लुगडं नेसून येऊ नको. पोटऱ्या दिसतात. लोक हसतात तिकडं."

जमनाचा हात आपोआप गुडघ्याकडं गेला. जन्मभर तिनं चिखलात, होडीत, बाजारात ज्या पोटऱ्या उघड्या टाकल्या, त्या ती झाकायला बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि दामूच्या कानाखाली द्यावी असंही वाटलं. केलं मात्र काहीच नाही.

मग काय नेसू, तिनं विचारलं. गोल साडी तिला जमत नव्हती. एकदा भाचीच्या हट्टापायी नेसली होती, तर माझ्याच गाडीच्या पायरीवर पाय अडकून पडली होती. ते तिनं त्याला सांगितलं. दामूला बसची घाई होती. चिडून म्हणाला, "मग कॉलनीच्या बायका घरी घालतात तसं घाल काहीतरी. रोज तर बघतेस त्यांना." आणि गेला.

यातलं अक्षर न् अक्षर जमनानं मनात धरलं.

आता तिचा हिशेब ऐका, कारण तो चुकीचा होता असं मी अजून म्हणू शकत नाही. आमच्या बायका बाजाराला जाताना जुनेर नेसतात. पाटीचं पाणी अंगावर गळतं, खवलं चिकटतात. तिथं चांगलं लुगडं कोण नेसणार? घरी येऊन अंघोळ करायची, मग चांगलं काढायचं. म्हणजे बाहेरचं ते कामाचं आणि घरातलं ते चांगलं. जमनाला कॉलनीच्या बायका साडीत दिसायच्या त्या रस्त्यात, गाडीत, भाजीची पिशवी घेऊन. तिनं समजूत करून घेतली की ती त्यांची बाहेरची, कामाची वस्त्रं. आणि घरी? घराची बेल वाजवली की प्रत्येक दारात बाई उभी असायची ती लांब, पायघोळ झग्यात. गळ्याला लेस, बाह्यांना झालर, छातीवर फुलांचं भरतकाम, वर मंगळसूत्र. मंजुळासुद्धा तशीच. एवढ्या वर्षांत एकाही दारात जमनाला दुसरं काही दिसलं नव्हतं. साखरपुडा मंजुळाच्या घरी होता, आणि मुलगा म्हणाला होता, घरी घालतात तसं.

ती बोईसरच्या बाजारात गेली. दुकानदार मारवाडी होता, आमच्या बायकांशी तोडक्या मराठीत आणि बाकी हिंदीत बोलायचा. तिनं सांगितलं, कॉलनीच्या बायका घालतात तो झगा दाखव, त्यांच्या घरी कार्यक्रम आहे. त्यानं 'कॉलनी' एवढं ऐकलं असणार. सगळ्यात भारी काढून दाखवला, गुलाबी, सुळसुळीत, चमकणारा. म्हणाला, "सब मेमसाब यही ले जाती हैं." खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी ती तो घालून दारात आली, तेव्हा आमची आळी बघायला लोटली. गळ्यात ठेवणीतल्या पुतळ्या, अंबाड्याला भरगच्च वेणी, आणि टाचेपर्यंत तो गुलाबी झगा. पोरींनी हात लावून लावून कापड बघितलं. रामू पँटीत अवघडून उभा होता, तो म्हणाला, मॅडम झालीस. मला विचाराल तर मला ती चांगली दिसली. आमच्या गावात तोवर तसलं वस्त्र कुणी आणलंच नव्हतं, आणि एसटीत ते घालून कोणी चढत नाही, मग मला तरी कुठून कळणार? एकट्या काशीबाईनं आपलं काठाचं लुगडं सोडलं नव्हतं. ती म्हणाली, हसतात तर हसूदे, मला काष्ट्याशिवाय चालता येत नाही.

टेम्पोत जमना सरळ बसली होती, झगा चुरगळू नये म्हणून. गाणी म्हणणाऱ्या बायांना तिनं सांगून ठेवलं, कॉलनी आली की गप्प व्हा. वाटेत मला विचारलं, भावोजी, हे मागं नीट हाय ना? मी म्हटलं, झकास आहे.

टेम्पो मांडवापाशी थांबला. आधी रामू उतरला, मग मी, मग जमना. तिचा पाय जमिनीला लागला आणि मांडवातलं बोलणं थांबलं. एक तरुण बाई तोंडावर रुमाल धरून आत पळाली. वरच्या गॅलरीत दोघीतिघी उभ्या होत्या, त्यांनी एकमेकींच्या दंडाला धरलं. मला वाटलं पँटीची बटणं उघडी राहिली, म्हणून मी आधी रामूकडं बघितलं, मग स्वतःकडं. दामू सफारी घालून स्वागताला पुढं आला होता. त्याचा चेहरा उतरला तो मी अजून विसरलो नाही. त्यानं बापाचा हात धरला आणि आईकडं न बघता त्याला आत नेलं.

मंजुळा लगबगीनं आली. अंगावर जरीची रेशमी साडी, केसांत गजरा. जमना तिच्याकडं बघतच राहिली. मंजुळाला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मंजुळा खालच्या आवाजात म्हणाली, आत चला, माझी एखादी साडी देते. जमनाला वाटलं, टेम्पोतून आल्यामुळं झगा मळलाय असं हिला वाटतंय. ती म्हणाली, नको बाई, नवा कोरा हाय, आजच घडी मोडली. मंजुळानं तिला खुर्चीवर नेऊन बसवलं. त्या मांडवात एवढ्या शिकलेल्या बाया होत्या, पण खरं काय ते सांगायला एकीची जीभ रेटली नाही. सगळ्या तिला सरबत मात्र देत राहिल्या.

आणि ती माऊली खुर्चीवर ताठ बसून सरबत पीत होती. लोक बघतात ते कौतुकानं, असंच तिला वाटत असावं. मी मात्र आजूबाजूला बघायला लागलो. म्हाताऱ्या, पोरी, सगळ्या साडीत. घर त्यांचं, कार्यक्रम त्यांचा, आणि एकीच्याही अंगावर झगा नाही. मी काशीबाईकडं बघितलं. तिच्याही लक्षात आलं होतं. पण आता उठून बोलायचं तरी काय?

भटजींनी टिळा, साखर, नारळ केलं. नर्मदा खाली मान घालून पाटावर बसली होती. मग विहिणींची ओटी. मुलीच्या आईनं मुलाच्या आईची ओटी भरायची, ती तिनं पदरात घ्यायची. त्याशिवाय आमच्यात सोयरीक पक्की झाली असं कुणी मानत नाही. मंजुळा सुपात तांदूळ, खण, नारळ घेऊन समोर आली. जमना उठली आणि सवयीनं तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला, पदर घ्यायला. तिथं झालर होती. हात कमरेला गेला. तिथंही काही नव्हतं. दोन वेळा तिनं तसंच चाचपलं. मागं कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग ते हसू ओळीतून पसरत गेलं.

मंजुळा सूप धरून उभी. भटजी म्हणाले, पदर पुढं करा.

तेवढ्यात दामू आला. त्याचे कान लाल झाले होते. तो आईला नाही, काशीबाईला म्हणाला, "काकी, तू घे ओटी. तुला पदर आहे."

ज्या लुगड्याची त्याला लाज होती, ते आता त्याला चालणार होतं. मला त्याचा फार राग आला.

जमना म्हणाली, "मी हाय ना इथं. मी आई हाय तुझी."

तो जवळ गेला. हळूच बोलायचा त्याचा विचार असावा, पण मांडव इतका शांत झाला होता की शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "आई, तू झोपायचे कपडे घालून आलीस."

तिला ते चटकन उमगलं नाही. तिनं झग्याकडं बघितलं, मग समोरच्या बायांकडं, एकीकडून दुसरीकडं. त्यातल्या कित्येक तिच्या रोजच्या गिऱ्हाईक होत्या. मग तिनं जे विचारलं ते भांडणाच्या सुरात नव्हतं. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

"मग मी येते तवा तुमी समद्या झोपायच्या कपड्यात दार उघडता?"

हसणं थांबलं. मंजुळाच्या हातातलं सूप खाली आलं, थोडे तांदूळ सांडले. एक बाई उगाच पदर सारखा करायला लागली, दुसरी पोराला हाका मारत उठून गेली. दुधवाला, भंगारवाला, मासळीवाली. यांच्यापुढं कोण साडी नेसतं? त्या बायांनी तोवर असा विचार कधी केलाच नसेल. मला त्यांची लाज वाटली, दामूची वाटली, आणि त्या खुर्च्यांवर बसून त्यांचं सरबत पिणाऱ्या आम्हा सगळ्यांची वाटली.

जमनानं क्षणभर वाट बघितली. मग काशीबाईकडं वळून म्हणाली, "घे गं तू. मुहूर्त टळंल." आणि बाजूला झाली.

काशीबाई जागची हलेना. तिनं माझ्याकडं बघितलं, मी रामूकडं. रामू नव्या पँटीच्या खिशात हात घालून जमिनीकडं बघत होता. शेवटी जमनानंच तिला दंडाला धरून पुढं केलं. काशीबाईनं पदर पसरला, मंजुळानं ओटी भरली. दोघींचे डोळे वाहत होते. फोटोवाल्यानं फोटो काढला. तो फोटो अजून दामूच्या घरी आहे आणि त्यात त्याची आई नाही.

जेवणाच्या वेळी ती दिसेना म्हणून मी बाहेर आलो. टेम्पोत बसली होती, हात मांडीवर घेऊन. मी पायरीवर बसलो. ती म्हणाली, भावोजी, तुमी रोज इतक्या बाया बघता, तुमालाबी म्हाईत नव्हतं? मी म्हटलं, नव्हतं. तिनं मान हलवली. तेवढ्यानं तिला थोडं बरं वाटलं असं मला वाटलं. मग म्हणाली, पोराला काय बोलू नका, त्याचं बरोबर हाय. मी बोलणार होतोच, पण तिनं शपथ घातली.

परतताना बायांनी गाणी म्हटली नाहीत.

आम्हाला वाटलं होतं, आता ती त्या इमारतीत पाय ठेवणार नाही. मंजुळा आता विहीण झाली, तिच्या दारात पाटी घेऊन जाणंही बरं दिसलं नसतं. पण दोनचार दिवसांनी जमना पुन्हा माझ्या गाडीत, काष्टा मारून, बाकाखाली पाटी. फक्त बोलत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, दार सोडलं की गिऱ्हाईक तुटतं. मंजुळाचं दार मात्र तिनं काही दिवस चुकवलं. मग एका रविवारी तिला चांगली पापलेटं मिळाली आणि ती तिकडं गेली. व्याह्यांच्या घरी द्यायचीच होती, पैसे न घेता.

पुढचं नर्मदानं लग्नानंतर काशीबाईला सांगितलं.

त्या रविवारी दामू होणाऱ्या सासुरवाडीला चहाला आला होता. सोफ्यावर बसला होता, समोर दादू तामोरे पेपर वाचत होता. मंजुळा गाऊनमध्येच स्वयंपाकघरात होती. खालून जमनाचा आवाज आला, म्हावरं घ्या म्हावरं. मंजुळानं कपबशी ठेवली आणि धावत आतल्या खोलीत गेली. जिन्यावर पावलं वाजली, खालच्या मजल्यावरची दारं उघडली-मिटली, तोवर ती घाईघाईनं साडी नेसून बाहेर आली. चांगली साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, कुंकू नव्यानं लावलेलं. दामूनं ते बघितलं. ती कुणासाठी नेसली ते त्याला कळलं असणार, कारण त्यानं बशी खाली ठेवली आणि हात मांड्यांवर पुसले.

बेल वाजली. मंजुळानं दार उघडलं.

जमनानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं.

"बाहेर निघालाव काय बाई? ऱ्हाऊदे मग, हात घाण व्हतील. मी उद्या येते."

मंजुळाच्या हातात पदर होता. नाही, तुमच्यासाठीच, एवढंच म्हणायचं होतं, पण ते तिला म्हणता आलं नाही. तोवर जमनानं समोरची बेल वाजवलीही होती. समोरच्या बाईनं दार उघडलं, गाऊनमध्ये. जमनानं पाटी उतरवली आणि नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर खाली बसली. दामूला सोफ्यावरून ते सगळं दिसत होतं. तो उठला नाही.